धान्याची कोठी आणि राजाचा शिक्का

#थ्रेड

उन्हाळा सरत आला की उजनी जलाशयाचे पाणी मागे हटते आणि इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर हळूहळू वर येऊ लागते. आधी शिखर दिसते, मग मंडपाचे छत, आणि एखाद्या फार कोरड्या वर्षी थेट जोते. इंदापूर, भिगवण, बारामती परिसरातील तरुण मंडळी तेथे जातात, छायाचित्रे काढतात. त्या छायाचित्रांखाली बहुधा एकच प्रश्न विचारलेला असतो : हे कोणत्या राजाने बांधले?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो पहिला नसावा. पहिला प्रश्न असा हवा : ही वास्तू उभी राहिल्यावर काय बदलले? कोणाचे धान्य कोणाच्या कोठारात जाऊ लागले, कोणती जमीन कोणाच्या नावे लागली, कोणाला आत प्रवेश मिळाला आणि कोणाला दाराबाहेर थांबावे लागले?

सत्ता आधी जन्मते आणि मग ती आपली शोभा म्हणून वास्तू उभारते, नाणी पाडते, लेख कोरते, असा क्रम पाठ्यपुस्तकांनी मनावर ठसवला आहे. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा पुरावा मात्र अनेकदा उलटा क्रम सांगतो. येथे कोठी, टाके, घाट, लेणे आणि नाणे आधी दिसतात. राजा मागाहून येतो आणि त्यांच्यावर आपले नाव घालतो. त्याची सत्ता त्या नावापुरतीच असते असे नाही, पण त्या वस्तूंवाचून ती उभी राहत नाही.

हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. पळसदेवला बुडवणारे पाणी कोठून येते तेवढे पाहावे. भीमा भीमाशंकरला उगम पावते. कार्ल्याच्या परिसरातून वाहणारी इंद्रायणी तिला तुळापूरला मिळते. नाणेघाटाच्या पूर्व उतारावरचे पाणी कुकडीत जाते, कुकडी घोडनदीला मिळते आणि घोड भीमेला. घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. नाणेघाट, जुन्नर, कार्ले आणि इनामगाव ही सारी स्थळे उजनीच्या वरच्या अंगाला, एकाच पाणलोटात येतात.

प्रारंभ इनामगावपासून करावा लागतो. हे साम्राज्य नव्हे, नगरही नव्हे. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज जे सांगता येते त्यातील फार मोठा भाग या एका टेकाडातून हाती आला. बारामती तालुक्यात कऱ्हा आणि नीरा यांच्या संगमावरील सोनगाव येथेही त्याच ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची वस्ती उजेडात आली आहे. म्हणजे बारामतीचा इतिहास मोरोपंतांपासून आणि सुप्याचा शहाजीराजांपासून सुरू होतो, ही समजूत सुमारे तीन हजार वर्षांनी चुकते.

इनामगावात वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर सापडले. मातीचेच, पण गावातील मोठ्यांत मोठ्या घरांपैकी एक. घराला लागून धान्याची कोठी. कारागिरांची घरे गावाच्या कडेला, खात्यापित्या शेतकऱ्यांची मध्यभागी.

या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा एक मातीचा रांजण निघाला. त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेल्या स्थितीत पुरलेला होता. इनामगावात प्रौढ माणसाला पुरताना त्याची पावले घोट्याखाली तोडण्याची रीत होती. मृत व्यक्ती परत चालत येऊ नये हा त्यामागचा हेतू असावा, असे अभ्यासक मानतात. या माणसाची पावले मात्र शाबूत होती.

मुखिया म्हणून त्याची ओळख पटवणारा एकही लेख नाही, मुकुट नाही, तलवार नाही. आहे ती एक कोठी, एक रांजण आणि न तोडलेली दोन पावले. या तिन्हींत कोठी सर्वांत महत्त्वाची. भीमेच्या या पट्ट्यात पाऊस आजही बेभरवशाचा आहे. पर्जन्यछायेत वसलेल्या गावात ज्याच्याकडे दुष्काळी वर्षापुरते धान्य साठवलेले असते त्याच्या दारात इतरांना जावेच लागते. आज्ञा देणारा माणूस आधी आणि कोठी नंतर, असे समजण्याचे कारण नाही. कोठीमुळेच त्याच्या शब्दाला आज्ञेचे वजन आले असावे, हे अधिक पटते.

इनामगावात दगडमातीचा बांध आणि पाण्याचा चरही सापडला. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेतीला देण्याची ती सोय होती, असे उत्खनकांचे मत. असे काम एका कुटुंबाच्या हातून होत नाही. कोणी खणायचे, कोणाच्या शेताला आधी पाणी द्यायचे, गाळ कोणी काढायचा, हे ठरवणारा कोणीतरी लागतो. चर खणला गेला की तो ठरवणाराही कायमचा होतो.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मोठ्या दुष्काळानंतरच्या काळात झाला. इंग्रज सरकार गेले, कालवा राहिला. चारी कोठून काढली, पाळी कधी सुटली, पाटकऱ्याने दार किती उचलले आणि शेपटाकडच्या गावापर्यंत किती पाणी पोहोचले, यावर या दोन तालुक्यांतील ऊस, लग्ने, पतपेढ्या आणि निवडणुका आजवर फिरत आल्या आहेत. कालव्याच्या तोंडाशी असणे आणि शेपटाशी असणे हा केवळ भूगोल नाही, हे इंदापूरच्या शेतकऱ्याला कोणत्याही इतिहासकारापेक्षा चांगले कळते. फरक इतकाच की इनामगावच्या चराविषयी बोलताना आपण ‘तंत्रज्ञान’ म्हणतो आणि नीरेच्या कालव्याविषयी बोलताना ‘राजकारण’.

आता साम्राज्यांकडे. येथे एक सवय सोडावी लागते, ती म्हणजे रंगीत नकाशांची.

मौर्य साम्राज्याचा नकाशा काढताना जवळजवळ सारा भारत एका रंगात रंगवला जातो, त्यात पुणे जिल्हाही रंगून जातो. प्रत्यक्षात अशोकाच्या चौदा प्रस्तरलेखांचे महाराष्ट्रात सापडलेले अवशेष सोपाऱ्याचे आहेत : आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये सापडला. सोपारा बंदर होते. सम्राटाचा शब्द कोरलेली शिळा तेथे उभी राहिली जेथे गलबते लागत होती, माल उतरत होता आणि वाचणारे, वाचून दाखवणारे लोक होते. इंदापूरच्या माळावर त्या काळी कोणी नांगर धरलेला असेल तर आपण मौर्यांच्या ‘रंगात’ आहोत हे त्याला कळण्याचा मार्गही नव्हता. प्राचीन साम्राज्य हे पसरलेल्या शाईसारखे नसते. ते ठिपक्यांसारखे असते. जेथे शिळा, नाके, टाके, टांकसाळ, तेथे ठिपका. मधल्या जागेत गावाची स्वतःची सत्ता.

सातवाहनांचा असा एक ठिपका नाणेघाट. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या वाटेच्या माथ्यावर एक कोरीव गुहा आहे. तिच्या भिंतीवर राणी नागनिकेचा लेख. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा, गायी, घोडे, हत्ती, हजारो कार्षापण, यांची त्यात यादी आहे. तिच्यातील आकडे हे भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. भिंतीवर राजकुळाच्या प्रतिमाही होत्या. आज उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा आणि वरची नावे : सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि सातकर्णी, काही कुमार, आणि त्यांच्याच रांगेत महारठी त्रणकयिर. (इनामगावच्या मुखियाची पावले राखली गेली म्हणून तो ओळखू आला. नाणेघाटात तर पावलांखेरीज काही राहिलेच नाही. योगायोग म्हणून सोडून द्यावा.)

या रांगेतील महारठी महत्त्वाचा आहे. हा नागनिकेचा पिता असावा असे मानले जाते. महारठी म्हणजे या डोंगरी मुलखातील बलवान घराणे. सातवाहन राजा घाटाच्या माथ्यावर स्वतःची प्रतिमा उभारतो तेव्हा तो सासऱ्यालाही आपल्या शेजारी उभा करतो, कारण घाट त्या मुलखात आहे. एरवी दोन घराण्यांतील सोयरीक ही बोलण्यातली गोष्ट. माणसे मरतात, सोयरिकी मोडतात. खडकात कोरलेली रांग मोडत नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बैलतांड्याला ती सांगत राहते की राजा आणि महारठी एकाच बाजूला आहेत, वाटेत वाद घालण्यात अर्थ नाही.

गुहेजवळ, घाटाच्या तोंडाशी, दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. ही लोकस्मृती आहे, कोरलेला पुरावा नव्हे. त्यात जकातच पडत असे असे छातीठोकपणे सांगणाऱ्या चित्रफिती पुष्कळ फिरतात, त्यांच्याकडे थोडे सावधपणे पाहावे. पण रांजणाचा वाद बाजूला ठेवला तरी जागा उरतेच. कोकणच्या बंदरांतून वर येणारा माल त्या अरुंद नळीतून, ओळीने, एकामागून एक यायचा. अशा ठिकाणी फार मोठे सैन्य लागत नाही. चार माणसे आणि एक गुहा पुरते. घाट स्वतःच अर्धा अधिकारी असतो.

घाट उतरून जुन्नरला आले की दुसरी गोष्ट ध्यानात येते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लहानमोठी १८० हून अधिक कोरीव दालने आहेत. एवढा मोठा समूह असूनही येथील लेखांत राजे फार थोडे आढळतात. दाते आहेत ते व्यापारी, गृहस्थ, यवन, कारागिरांच्या श्रेणी. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याचा लेख येथे आहे.

या लेखाजवळ थोडे थांबले पाहिजे. इनामगावात धान्य एका घराच्या कोठीत होते. हजार-बाराशे वर्षांनी, त्याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, धान्य विकणाऱ्यांची संघटना इतकी सधन झाली आहे की ती डोंगर फोडून घेते. आणि ती काय बांधते? राजवाडा बांधत नाही, तटही बांधत नाही. भिक्षूंना राहायला खोल्या आणि पाणी. वाटेवर पाणी आणि निवारा असला की तांडे त्याच वाटेने येतात, तांडे आले की धान्य विकले जाते, आणि दात्याचे नाव येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडते. पुण्य आणि बाजार यांना वेगळे काढण्याचा अट्टाहास आधुनिक आहे.

कार्ल्याचा चैत्यही राजाचा नाही. सुमारे ३८ मीटर लांबीचा हा सभामंडप, ज्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही टिकून आहेत, तो वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केल्याचे तेथील लेख सांगतो आणि जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह असा त्याचा गौरवही करतो. दारापुढचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. आतले खांब धेनुकाकटच्या यवनांसह अनेकांचे. राजे येथे पोहोचतात ते नंतर, गावे दान करायला. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात वालुरकच्या, म्हणजे या लेण्याच्या, भिक्षूंना करजिक गाव देतो. पुढे सातवाहनांची सरशी झाल्यावर तेच गाव त्याच भिक्षूंना देण्याची नवी आज्ञा मामाल येथील अधिकाऱ्याला निघते. मामाल म्हणजे मावळ.

या व्यवहारात करजिक गावच्या शेतकऱ्याचे काय बदलले? फार काही नाही. त्याचा वाटा पूर्वीही भिक्षूंकडे जात होता, नंतरही जात राहिला. बदलले ते भिंतीवरचे नाव. पण म्हणून ही आज्ञा निरर्थक ठरत नाही. विजेत्याला लेणे नव्याने खोदता येत नव्हते, भिक्षूंना हाकलता येत नव्हते आणि व्यापाऱ्यांचा विश्वास विकतही घेता येत नव्हता. ते सारे आधीच त्या दगडात मुरलेले होते. त्याच्यापुढे एकच मार्ग होता : चालू असलेले चालू ठेवायचे आणि ते आपल्यामुळे चालू आहे असे कोरून घ्यायचे.

हीच गोष्ट नाण्यांत जशी उघड दिसते तशी दुसरीकडे कोठेही नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकलेली आहेत : एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. अनेक नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.

हा शत्रूच्या चेहऱ्यावर हाणलेला हातोडा आहे, असे वर्णन वारंवार वाचायला मिळते. वर्णन जोरकस आहे, पण अपुरे. केवळ नामोनिशाण पुसायचे असते तर चांदी वितळवता आली असती. ती वितळवली नाही, कारण त्या नाण्याचे वजन आणि कस बाजाराला ठाऊक होते. व्यापारी त्यावर विश्वास ठेवत होते. गौतमीपुत्राला तो विश्वास हवा होता, फक्त स्वतःच्या नावे. पुढे सातवाहनांनी चांदीची नाणी पाडली तीही राजाच्या मुखवट्याची, क्षत्रपांच्याच धाटणीची. रणांगणावर हरलेल्या नहपानाचे नाणे बाजारात जिंकले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

दूरच्या चीनमध्ये छिन सम्राटाने इ.स.पू. २२१ नंतर वजने-मापे एकसारखी केली, तेव्हा त्याची आज्ञा त्या वजनांवरच कोरली गेली. धान्य मोजणाऱ्या प्रत्येक हाताला सम्राटाचा शब्द लागत राहिला. राजधानीपासून शेकडो कोस दूर असलेला राजा लोकांच्या जगण्यात शिरतो तो अशा वाटेने. तराजू, माप, नाणे, नाके. सिंहासन प्रत्यक्ष पाहिलेले लोक किती असणार?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. तलवारीशिवाय हे काहीच झाले नसते. गौतमीपुत्राने आधी नहपानाला हरवले म्हणून तर नाण्यांवर छाप मारता आला. हे मान्यच केले पाहिजे. पण युद्ध जिंकणे आणि जिंकलेले टिकवणे यांत जे अंतर आहे ते तलवार भरून काढत नाही. नाशिकच्या लेण्यातील दोन लेख हे अंतर जितक्या निर्भीडपणे दाखवतात तितके कोणतीही बखर दाखवणार नाही.

गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षी एक आज्ञा निघते. विजयी सेनेच्या तळावरून ती गोवर्धन येथील अमात्याला धाडलेली आहे : अपर काखडी गावातील, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, कोणी त्रास देऊ नये, मिठासाठी खणू नये. आज्ञा भिंतीवर कोरली गेली. येथे दगड राजाच्या बाजूने बोलतो आणि राजाच्याच माणसांना अडवतोही. मुक्तता कोरून दिली म्हणजे उद्या येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती बोट दाखवायला भिंत आली.

सहा वर्षांनी, चोविसाव्या राज्यवर्षी, त्याच लेण्यात दुसरी आज्ञा कोरली जाते. ही राजाच्या आणि राजमातेच्या नावाने. तिच्यात कबुली आहे : काखडी गावातील जे शेत पूर्वी दिले होते ते कसले जात नाही, त्या गावात कोणी राहत नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत. दोनशेच्या जागी शंभर, हेही नोंदवण्यासारखे.

गाव ओसाड का झाले, ते लेख सांगत नाही. युद्ध झाले होते, एवढे आपल्याला ठाऊक आहे. माणसे निघून गेली आणि सम्राटाचे दान कागदावर, नव्हे दगडावर, राहिले. नांगर धरणाऱ्या हातांनी पाठ फिरवली की दोनशे निवर्तनांचे राजदान निरुपयोगी होते. इतक्या प्रतापी राजाला त्याच भिंतीवर तसे कोरून घ्यावे लागले. सातवाहनांच्या इतिहासात शौर्याची वर्णने पुष्कळ आहेत. नाशिकलाच, पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, गौतमी बलश्रीने कोरवलेल्या लेखात आपल्या मुलाचा गौरव क्षहरातांचा वंशच्छेद करणारा म्हणून केला आहे. तरुण वाचक तो लेख आवर्जून सांगतात. काखडीचा लेख क्वचितच सांगतात, आणि खरे तर तोच आधी सांगायला हवा.

भीमेच्या खालच्या अंगालाही या गोष्टीचा एक तुकडा आहे. नदी इंदापूर ओलांडून नीरा-नरसिंहपूरला नीरेला भेटते, पंढरपुरावरून पुढे कर्नाटकात जाते. तेथे कलबुर्गी जिल्ह्यात तिच्या काठी सन्नती आहे. १९८० च्या दशकात तेथील चंद्रलांबा देवस्थानच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले. सफाई करताना देवीच्या मूर्तीची बैठक म्हणून वापरलेली शिळा अशोकाचे लेख कोरलेली निघाली. मूर्ती बसवण्यासाठी तिच्या मधोमध खाच पाडलेली. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात अशोकाचे नाव लिहिलेली त्याची प्रतिमा आणि सातवाहन राजांच्या प्रतिमाही मिळाल्या. सम्राटाची आज्ञा शतकानुशतके देवीच्या पायाखाली होती. ज्याने ती तेथे बसवली त्याला ब्राह्मी वाचता येत नसावी, पण दगड चांगला आहे हे कळत होते.

आज इंदापूर, बारामती, दौंड भागातील गावांत मंदिरांच्या जीर्णोद्धारात नेमके हेच चालले आहे. वीरगळ, सतीशिळा, गद्धेगळ उचलून पारावर ओळीने मांडले जातात, त्यांना ऑइल पेंटचा हात दिला जातो, फरशी बसते आणि मूळ जागा सिमेंटखाली जाते. हेतू वाईट नसतो. अनेकदा दगड वाचवण्यासाठीच हे केले जाते. पण वस्तूची जागा हाच तिच्या अर्थाचा अर्धा भाग असतो. गद्धेगळ हा दान दिलेल्या जमिनीच्या सीमेवर उभा करायचा शापाचा दगड. तो सीमेवरून हलला की शाप वाचता येतो, जमीन कोणती ते कळत नाही. वीरगळ ज्या वेशीवर होता ती वेस हरवली की वीर कोणाच्या गाईंसाठी आणि कोणाविरुद्ध लढला हे विचारायची सोयच उरत नाही. उरतो एक शेंदरी दगड आणि त्याखाली एखाद्या प्रसिद्ध घराण्याचे ऐकीव नाव.

ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्या तरुणांना येथे पदवीवाचून एक काम करता येण्याजोगे आहे. दगड हलण्यापूर्वी तो कोठे, कोणत्या दिशेला तोंड करून, कोणत्या वाटेच्या किंवा विहिरीच्या जवळ उभा आहे ते टिपणे. मागची बाजू, पाया, शेजारचे शेत, सारे छायाचित्रात घेणे. पळसदेवच्या मंदिराची शिखरावरची सूर्यास्ताची छायाचित्रे हजारोंनी आहेत. जोत्याची, पायऱ्यांची, आवारात पडलेल्या दगडांची, गावातून मंदिराकडे येणारी वाट कोणत्या बाजूने होती हे दाखवणारी किती असतील?

त्या वाटेची आठवण असलेली माणसे अजून आहेत. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि गाव पुणे-सोलापूर रस्त्याकडे सरकले. कोणाचे घर मंदिराच्या उगवतीला होते, पेव कोठे होते, जत्रेत पहिला मान कोणाचा, नदीवर उतरायचा घाट कोणता, हे वयस्क माणसांना विचारले तर बोटाने दाखवून सांगतात, समोर नुसते पाणी असले तरीही. काखडीच्या लेखात गाव गेले होते आणि शेत राहिले होते. येथे शेतही गेले.

जूनमध्ये घाटमाथ्यावर पाऊस सुरू होतो. नाणेघाटाच्या उतारावरचे पाणी कुकडीत येते, तेथून घोडनदीत, इनामगावच्या टेकाडाला वळसा घालून भीमेत. वरची धरणे भरली की दारे उघडतात. पळसदेवला आधी जोते जाते, मग मंडप. शिखर तेवढे काही दिवस वर राहते.

#भीमाखोरे #सातवाहन #इनामगाव #इंदापूर #बारामती